रात्रपाळीनंतरची दिवसाची झोप: लोटे एमआयडीसीत जमवलेलं गणित

कोकणातल्या लोटे गावच्या एमआयडीसीत रात्री अकरा ते सातची पाळी धरून सांगतो. सुटल्यावर डोळ्यांवर ऊन पडलं की शरीर दिवस उजाडला असं धरतं आणि झोप तीन-चार तासांत तुटते. म्हणून कंपनीच्या बसमध्ये चढतानाच काळा चष्मा. दुचाकीवाल्यांनी चष्म्याच्या नादी लागू नये. पेंग असेल तर आधी वीस मिनिटं डुलकी, मग गाडी.

शेवटचा चहा रात्री दोनला. कॅफिन निम्मं उतरायला पाच-सहा तास लागतात, त्यामुळे पहाटेचा कटिंग थेट झोपेत आडवा येतो.

खरी गोम खोलीची. पत्र्याखाली अकरानंतर भट्टी होते. कौलांखालची, उत्तरेकडची खोली बघावी. खिडकीला काळं कापड दुहेरी, चौकटीबाहेर चार बोटं जास्त. एक तिरीपही झोप मोडते. ओली चादर टांगायचा सल्ला देशावर ठीक, इथल्या दमट हवेत घाम आणखी सुकत नाही. टेबलफॅन अंगावरच घ्या.

आल्यावर पेज, आठ ते एक झोप. जेवण उठल्यावर. रात्री आठला पुन्हा दीड तास, तो चुकवू नका.

पाळी सकाळ-दुपार-रात्र अशी पुढे सरकत असेल तर शरीर लवकर जुळतं. उलटी फिरत असेल, तर सुपरवायझरकडे विषय काढाच.