वस्तीत झाडं लावायचीत? खड्ड्याआधी पाण्याचं ठरवा

रोपं लावणं हा एका सकाळचा कार्यक्रम असतो, फोटो काढले की संपला. झाड जगवणं मात्र दोन-तीन उन्हाळ्यांचं काम आहे. म्हणून प्लॅनिंग उलटीकडून करायचं, आधी पाणी कोण घालणार ते ठरवा आणि मग किती रोपं ते.

गरीब वस्त्यांत सावली कमी असते ती काही आपोआप नाही. अमेरिकेतल्या १०८ शहरी भागांचा अभ्यास २०२० मध्ये आला, त्यात १९३० च्या दशकात ज्या वस्त्यांवर धोकादायक म्हणून शिक्का मारून कर्ज नाकारलं जायचं, तिथली जमीन आजही बाकी वस्त्यांपेक्षा सरासरी २.६ अंश सेल्सिअसने जास्त तापते असं दिसलं.

तर पहिलं काम, लोक घरी असतात त्या वेळी चक्कर मारा आणि नुसतं ऐका. फांदी छतावर पडेल, रात्री अंधार होईल, एरिया छान झाला की घरभाडं वाढेल, या सगळ्या भीती खऱ्या आहेत, भाड्याची तर फारच. पोरं खेळतात ती जागा सोडून द्या. एक मोठी चकाचक बाग करण्यापेक्षा गल्लीगल्लीत छोटे तुकडे बरे.

मग जागा कोणाची ते बघून लेखी परवानगी घ्या, खाली पाइप आणि वर वायर आहेत का तेही बघा.

आता माती. अशा जागेत बहुतेक वेळा वरती वीतभर माती आणि खाली सगळा राडारोडा निघतो. फूटभर खड्डा खणून पाण्याने भरा, ते जिरलं की परत भरा, दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच दिसलं तर तिथे मुळं कुजणार, आधी माती फोडून कंपोस्ट मिसळा नाहीतर जागा बदला.

लावताना खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद पण खोली गोळ्याएवढीच. पिशवी पूर्ण काढा, गोल गोल फिरलेली मुळं कापा, आणि बुंधा जिथे मुळांकडे पसरतो तो भाग मातीत गाडू नका. झाडं त्या भागातलीच घ्या. मियावाकी म्हणजे छोट्या जागेत दाट जंगल उभं करायची पद्धत, त्यात चौरस मीटरला तीन-चार रोपं दाटीने लावतात, कोपऱ्यातल्या पडीक जागेला मस्त, पण त्या जंगलात कोणी बसू शकत नाही हो, बसायला सावली हवी तर मोकळी झाडंच लावा.

पाणी रोज तांब्याभर नको, आठवड्यातून एक-दोनदा आळं भरून द्या म्हणजे मुळं खोल जातात. बोट दोन पेरं मातीत खुपसा, ओलं लागलं तर थांबा. आळ्यात चार बोटं पालापाचोळा, बुंध्याला न टेकवता. एका झाडामागे दोन घरं ठरवा, एक गावाला गेलं तर दुसरं असतं.

आणि रोप आधाराच्या काठीला बांधलं असेल तर ती दोरी वर्षभराने सोडा, मी विसरलो होतो, नायलॉनची दोरी सालीत इतकी रुतली होती की पुढच्या वादळात झाड बरोबर तिथेच मोडलं.