व्हायरलच्या नादातून अकाउंट बाहेर कसं काढाल?

इतरांचे व्हिडिओ एडिट करणं आणि त्यांची अकाउंट सांभाळणं हे माझं काम. नवीन माणूस आला की मागणी ठरलेली असते, "एक तरी व्हिडिओ व्हायरल करून द्या." मी आधी त्याला एक वाक्य लिहायला लावते: हा व्हिडिओ कोणासाठी आहे, आणि बघून त्या माणसानं काय करावं? "सगळ्यांसाठी" असं उत्तर आलं, तर शूटिंग थांबवा.

एवढा हट्ट का, ते सांगते. एक सर सुलेखन शिकवतात. पूर्ण झालेल्या पानावर दौत लवंडली, ती क्लिप अफाट चालली. फॉलोअर भराभर वाढले, पण ते आले होते शाई सांडताना बघायला. पुढे सरांनी बोरू कसा धरायचा, अक्षराचं वळण कसं साधायचं हे जीव ओतून दाखवलं, तर खाली कमेंट एकच: "सर, आज सांडलं नाही का?" खरं नुकसान इथे होतं. नवा व्हिडिओ यातल्या बऱ्याच जणांसमोर जातो, ते दोन सेकंदांत पुढे सरकतात, व्हिडिओ कंटाळवाणा आहे असा अर्थ अल्गोरिदम, म्हणजे कोणाला काय दाखवायचं ते ठरवणारी यंत्रणा, लावते, आणि ज्याला खरंच अक्षर सुधारायचंय त्याच्यापर्यंत तो पोचतच नाही. मग मुद्दाम दौत सांडायचा मोह होतो. सरांनाही झाला. मी कडाडून विरोध केला, कारण त्यानंतर त्यांना शिक्षक म्हणून कोणी पाहिलं नसतं.

म्हणून व्ह्यूज सगळ्यात शेवटी बघा. आधी बघा किती जणांनी व्हिडिओ सेव्ह केला, किती जणांनी तो दुसऱ्याला पाठवला, आणि लोक कुठल्या क्षणी सोडून गेले. यूट्यूबनंही 2012 मध्ये शिफारशींसाठी नुसत्या क्लिकपेक्षा बघण्याच्या वेळेला जास्त वजन द्यायला सुरुवात केली. लाइकचा आकडा छळत असेल तर इन्स्टाग्रामवर तो लपवता येतो. 2021 पासून ही सोय सगळ्यांना आहे. जरूर वापरा.

शीर्षक लिहिताना हात आवरा. ट्विटरवरच्या बातम्यांचा अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी केलेला अभ्यास 2018 मध्ये 'सायन्स' या विज्ञानविषयक नियतकालिकात आला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा 70 टक्क्यांनी जास्त होती, आणि तिचं नावीन्य हे त्यांनी सुचवलेलं एक कारण होतं. म्हणजे फुगवून सांगण्याचं बक्षीस ताबडतोब मिळतं. ते नाकारणं जड जातं, मला ठाऊक आहे. तरी व्हिडिओत नसलेलं काहीही शीर्षकात घालू नका.

आणि ध्यानीमनी नसताना एखादा व्हिडिओ उसळलाच तर? त्याचा दुसरा भाग लगेच काढू नका. नोटिफिकेशन बंद करा. व्हिडिओ पुन्हा एकदा अनोळखी माणसाच्या नजरेनं पाहा: मागे घराचा पत्ता, गाडीचा नंबर, कोणाच्या मुलाचा चेहरा दिसतोय का? दिसत असेल तर तो आधी खासगी करा, बाकीचं नंतर. कमेंटमध्ये शिवीगाळ सुरू झाली तर शब्दांचे फिल्टर लावा आणि काही दिवस कमेंट वाचायचं काम घरच्या किंवा विश्वासातल्या माणसाकडे सोपवा. एकाच माणसानं हजारो परक्यांचा राग झेलावा, असं मला मुळीच वाटत नाही. संदर्भ सुटला असेल तर एकच शांत खुलासा लिहून कमेंटमध्ये सगळ्यात वर पिन करा. प्रत्येकाला उत्तर देत बसलात की वाद आणखी पसरतो.

शेवटचं काम कंटाळवाणं आहे, म्हणून लोक टाळतात: आपल्या खऱ्या प्रेक्षकांची ईमेल यादी, अर्थात त्यांना विचारून. सहा सेकंदांच्या व्हिडिओंचं व्हाइन हे ॲप 2017 च्या जानेवारीत बंद झालं, आणि तिथे जमवलेले फॉलोअर आपोआप कोणासोबत आले नाहीत. सरांच्या प्रोफाइलवर आता पहिली लिंक सरावाच्या पानांची आहे. पानं हवी असतील तर ईमेल द्यावा लागतो. शाईवाली क्लिप आम्ही आर्काइव्ह केली, म्हणजे प्रोफाइलवरून लपवली.