गिरणीच्या गावात आपल्या गल्लीचा इतिहास कसा शोधावा

सुरुवात एका गल्लीपासून करा. ‘नांदेडचा इतिहास’ असा मोठा विषय घेतला की माणूस गुरु गोविंदसिंगजी आणि गोदावरीच्या घाटांत रमतो, आणि ज्या उस्मानशाही मिलच्या भोंग्यावर आपल्या घरातली चूल पेटायची ती मिल बाजूलाच राहते. जालन्याच्या जिनिंगांचे आणि लातूरच्या तेलगिरण्यांचेही असेच होते. मालकाचे नाव कुठे ना कुठे सापडते. साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, उभे राहणाऱ्याचे आपल्यालाच शोधावे लागते.

एक मोठा कागद घ्या आणि गल्लीतली वीस-पंचवीस घरे आठवतील तशी काढा. प्रत्येक घरावर तीन गोष्टी लिहा: कोण राहायचे, कुठल्या गावाहून आले, काय काम करायचे. साचेखाता, कातणखाता, मोंढ्यातली म्हणजे धान्यबाजारातली हमाली, रेल्वे, शिवणकाम, काहीही. आठवत नसेल तिथे प्रश्नचिन्ह टाका. हा नकाशा शेवटपर्यंत जवळ ठेवायचा आहे.

मग घरातली पेटी उघडा. पगाराची चिठ्ठी, युनियनची पावती, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, हातात येईल ते बाहेर काढा. भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ चा आहे, म्हणजे त्याची पावती मिळाली तर ती त्यानंतरची. लग्नपत्रिकांकडे मात्र खास लक्ष द्या. निमंत्रकांची यादी म्हणजे अर्धी वंशावळच असते आणि पत्त्यात गल्लीचे त्या काळचे नाव सापडते. बायकांची नावे लग्नात बदलतात, म्हणून आजीचे माहेरचे नाव, आडनाव आणि गाव वेगळे लिहून ठेवा. नाहीतर अर्धे घराणे कागदावरून पुसले जाते. फाटक्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. खिडकीपाशी सपाट ठेवून फोटो काढा.

आता सालांकडे या. मराठवाड्यात खरी फसगत इथेच होते. आमच्या आजोबांच्या एका कागदावर नुसतेच ‘१३४८’ लिहिले होते. मी ते हिजरी धरले, म्हणजे १९२९-३०. आजोबांचा जन्म १९२१ चा. आठ वर्षांचे पोर गिरणीत नोकरीला लागले, असा त्याचा अर्थ झाला. दोन महिने मी तेच धरून बसलो. ते साल फसली होते. निजामाच्या राज्यात सरकारी व्यवहार फसली सालाने चाले आणि वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आजूर महिन्यापासून लागे. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन येतो. बहमननंतरचे महिने असतील तर ५९१. म्हणजे १३४८ फसली हे ऑक्टोबर १९३८ ते ऑक्टोबर १९३९. आजोबा सतरा-अठरा वर्षांचे झाले आणि सगळे जुळले. आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी अशी महिन्यांची नावे दिसली की फसली समजा. मोहरम, सफर, रबी असेल तर हिजरी. पोथीत किंवा मंदिराच्या शिळेवर शके असेल तर ७८ मिळवा.

१९४८ पूर्वीचे सरकारी कागद बहुतेक उर्दूत आहेत, काही मोडीत. उर्दूही बहुधा शिकस्ता, म्हणजे घाईघाईची वळणदार लिपी. निवृत्त तलाठी, उर्दू शाळेचे गुरुजी, दर्ग्याजवळचे एखादे वयस्कर चाचा यांच्याजवळ बसा. त्यांनी मोठ्याने वाचावे आणि तुम्ही फोनवर रेकॉर्ड करावे. ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिलेले नसतात, म्हणून ‘किसन’ला कुणी ‘कसन’ही वाचू शकतो, आडनाव दोघांकडून वाचून घ्या. माझ्या आजोबांचा कागद शेजारच्या मोहल्ल्यातल्या चाचांनी वाचला. त्यांच्या वडिलांचेही नाव त्याच यादीत, आमच्या वरच्या ओळीत होते.

कचेरीत जाताना गाव, सर्व्हे नंबर आणि अंदाजे साल लिहूनच जा. गिरणीत आलेला माणूस गावाकडे जमीन ठेवून किंवा गमावून आलेला असतो, म्हणून तहसीलच्या अभिलेख कक्षात मूळ गावाचे सेतवार आणि १९५४-५५ चे खासरा पत्रक मागा, ही जमिनीची आणि ती कोणाकडे होती याची जुनी नोंदपत्रके. शहरातल्या घरासाठी भूमी अभिलेख कार्यालयातले मालमत्ता पत्रक आणि महापालिकेची घरपट्टीची जुनी नोंद उपयोगी. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर विसरू नका. त्यात बापाचा धंदा लिहिलेला सापडतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी निजामकालीन दप्तरे धुंडाळली गेली, तेव्हापासून अशा कागदांची विचारणा कचेरीत नवी राहिलेली नाही. दाद मिळेना तर माहिती अधिकाराचा अर्ज द्या. त्यापलीकडचे दप्तर छत्रपती संभाजीनगरच्या पुराभिलेख कार्यालयात आणि हैदराबादच्या तारनाक्यातील राज्य अभिलेखागारात शोधावे लागते.

माणसांशी बोलताना साल विचारू नका. “बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर?”, “किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मिल चालू होती का?” असे विचारा, उत्तर पटकन येते. नांदेडमध्ये २००८ च्या गुरुता-गद्दी सोहळ्याच्या वेळी रस्ते रुंद झाले, घरे मागे सरली. गल्लीचे तोंड कुठे होते, हे त्याच्या आधीच्या लोकांनाच सांगता येईल. भोंगा किती वेळा व्हायचा, डब्यात काय असायचे, बदलीवाल्याला (गैरहजर कामगाराच्या जागी काम मिळणाऱ्याला) गेटवर किती वेळ थांबावे लागायचे, हे विचारा. १९४८ चा विषय मात्र तुम्ही काढू नका. रझाकारांच्या भीतीने गाव सोडलेली घरे आहेत आणि पोलीस कारवाईनंतर उजाडलेलीही आहेत. समोरची व्यक्ती स्वतः बोलली तर ऐका, आणि ‘हे लिहू का?’ असे विचारूनच लिहा.

एकाने सांगितलेले आणि कागदावरचे जुळत नसेल तर दोन्ही लिहा, बाजूला कोणी सांगितले तेही. जुन्या फोटोंच्या मागे नावे मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

शेवटी तो पहिला नकाशा स्वच्छ काढा, प्रश्नचिन्हे तशीच राहू द्या, आणि त्याची एक प्रत गल्लीतल्या किराणा दुकानात दोरीने पेन्सिल बांधून लावा. कोणाचे घर नकाशात दाखवायचे याची परवानगी त्या-त्या घरातून आधी घ्या. आमच्या दुकानातला नकाशा चौथ्या दिवशी दुरुस्त व्हायला लागला: सातव्या घरावर कोणीतरी जॉबरचे, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाचे, नाव खोडून त्याच्या बायकोचे लिहिले होते, कारण खोली तिच्या नावावर होती.