परसातलं पिल्लू अचानक मेलं तर: नव्या पशुसखींसाठी

परसातली कोंबडी मेली की पशुसखीला, म्हणजे गावात जनावरांची काळजी घेणाऱ्या सेविकेला, बोलावणं येतं, आणि निरोप बहुधा एकच असतो: काल सांजच्याला दाणे टिपत होती, सकाळी खुराड्यात मरून पडली. यातला ‘अचानक’ आधी तपासा. कोंबडी आजार दडवते, कारण अशक्त दिसणाऱ्या पक्ष्याला कळपातलेच टोचून काढतात. घरच्यांना एका रात्रीत आलेलं वाटतं ते मरण पुष्कळदा आठवडाभर चाललेलं असतं.

हातमोजे घाला, नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या हातांवर चढवा. छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असेल तर मरण खरंच झटपट आलं. हाड धारदार लागलं तर पक्षी बरेच दिवस खंगत होता. जंत, जुनी हगवण किंवा दाण्यापाशी मोठ्या कोंबड्यांची दादागिरी शोधा. मग गळ्याच्या मुळाशी, किंचित उजवीकडे, खाद्यपिशवी चाचपा. ती संध्याकाळी भरते आणि पहाटेपर्यंत रिकामी होते, म्हणून सकाळी ती रिकामी मिळाली तर त्यावरून काहीच ठरत नाही. भरलेली मिळाली तर पक्षी शेवटपर्यंत खात होता. कडक गोळा लागला तर सुतळी किंवा लांब गवत अडकलेलं असू शकतं. तुरा पांढरट म्हणजे रक्त कमी, जांभळट म्हणजे श्वास किंवा रक्ताभिसरण बिघडलेलं. शेपटाखालची पिसं चिकटलेली असतील तर हगवण होती.

यानंतर वय विचारा. “काकू, पिल्लं किती दिवसांची?” या एका प्रश्नाने निम्मे आजार बाजूला पडतात.

पहिल्या आठवड्यात बहुतेक मरणं थंडीची, पाण्याअभावी किंवा पिकलेल्या नाभीची असतात. पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांची ऊब लागते, पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी ती कमी करायची. हल्ली घरोघरी एलईडी बल्ब आहेत. त्यांचा उजेड भरपूर, ऊब जवळजवळ नाही. डिसेंबरात नागपूरचा पारा रात्री दहा अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा अशा दिव्याखाली पिल्लं एकमेकांवर चढतात आणि खालची चिरडून मरतात. कोपऱ्यात चपटी झालेली पिल्लं सापडली तर औषध शोधत बसू नका, आधी दिवा बदला.

तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लात पहिला संशय रक्ती हगवणीचा. विष्ठेतून पडलेले परजीवीचे कण खाली अंथरलेल्या ओल्या, उबदार तुसात एकदोन दिवसांत संसर्गक्षम होतात. पिल्लाच्या पोटात गेल्यावर चार ते सहा दिवसांत आजार दिसतो. म्हणून पाऊस लागला की आठवड्याभरात फोन सुरू होतात. नागपूर जिल्ह्यात मौदा-रामटेककडे भाताचं तूस सहज मिळतं, पण पाण्याच्या भांड्याखालचं तूस कोणी उलटत नाही. मूठभर तूस घट्ट दाबा. गोळा तसाच राहिला तर ते ओलं आहे, मूठ उघडताच विस्कटलं तर ठीक. पाण्याचं भांडं विटेवर, पिल्लाच्या पाठीच्या उंचीला ठेवायला लावा. डॉक्टरांनी अँप्रोलियम (रक्ती हगवणीचं औषध) लिहून दिलं तर ते चालू असेपर्यंत बी-१ असलेलं जीवनसत्त्वाचं औषध देऊ नका. ते अँप्रोलियमचा परिणाम मारतं.

याच वयात गंबोरो हा विषाणूचा आजारही येतो आणि एकदम अनेक पिल्लं नेतो. मानमोडी (राणीखेत) कोणत्याही वयात येते: हिरवट हगवण, धाप, वाकडी मान. इथे लसीची चौकशी बारकाईने करा. ‘लस दिली होती’ एवढ्यावर थांबू नका. कुपी बर्फात आणली होती का, मिसळल्यावर किती वेळाने दिली, आणि पाणी कोणतं? नळाच्या पाण्यातला क्लोरीन लसोटा या मानमोडीच्या जिवंत लसीतला विषाणू मारून टाकतो आणि लस वाया जाते. विहिरीचं किंवा उकळून थंड केलेलं पाणी घ्यावं लागतं. मोजक्या पक्ष्यांना डोळ्यात एकेक थेंब देणं सगळ्यात खात्रीचं.

मे महिन्यात दुपारी तीन-चारला, पत्र्याखाली, चोच उघडी आणि पंख पसरलेला भरलेल्या अंगाचा पक्षी मेला असेल तर तो उन्हाने गेला. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात, धापेनेच ती अंग थंड करते. जूनमध्ये सोयाबीन-कपाशीच्या पेरणीच्या दिवसांत मात्र अंगणात, बांधावर सांडलेलं रंगीत बियाणं शोधा. ते औषध लावलेलं असतं. खाद्यपिशवीत तसे दाणे निघाले तर बहुतेक उत्तर तिथेच आहे.

जखमाही नीट वाचा. लहान पिल्लाचा पाय रात्री कुरतडलेला असेल तर घूस किंवा उंदीर. मानेवर, डोक्यामागे चावे असतील तर मुंगूस. डोकं-मान ओली, चिकट आणि बाकी अंग शाबूत असेल तर सापाने गिळायचा प्रयत्न करून सोडलं. मेल्यानंतर मांजराने ओढलेल्या पक्ष्याच्या जखमेभोवती रक्त साकळत नाही. हा फरक फार उपयोगी पडतो.

बाहेरून कळलं नाही तर शवविच्छेदन. घरी कापू नका. पक्षी साबणाच्या थंड पाण्यात भिजवा म्हणजे पिसांतली ऊब लवकर उतरते. दोन पिशव्यांत बांधा आणि बर्फाच्या बाटल्यांसह थर्माकोलच्या डब्यात ठेवा. फ्रीजरमध्ये अजिबात ठेवू नका, गोठल्याने पेशी फुटतात. उन्हाळ्यात पोट काही तासांतच हिरवं पडतं, म्हणून त्याच दिवशी निघा. सेमिनरी हिल्सच्या नागपूर पशुवैद्यक महाविद्यालयात विकृतिशास्त्र विभाग आहे. तिथे न्या किंवा जवळच्या दवाखान्यातून पाठवा. सोबत चिठ्ठी: वय, कळपातली संख्या, किती मेली, खाद्य, लस, दिलेलं औषध. परवानगी मिळाली तर शेजारी उभं राहून पाहा. आतड्याच्या दोन आंधळ्या (एका टोकाला बंद) पिशव्यांत रक्त म्हणजे रक्ती हगवण. गुदद्वाराजवळची गाठ सुजलेली आणि मांडीच्या मांसात रक्ताचे डाग म्हणजे गंबोरो. पेट्याच्या (दाणे दळणाऱ्या जाड पिशवीच्या) अलीकडच्या जठरात रक्ताचे ठिपके दिसले तर मानमोडीचा संशय. फुप्फुसात बारीक पिवळट गाठी म्हणजे बुरशी, आणि ती बुरसटलेल्या तुसातूनच येते.

एका दिवसात अनेक पक्षी मेले, डोकं सुजलं, तुरा-पाय निळे पडले तर मात्र काहीही हलवू नका. बर्ड फ्लू नागपूरला परका नाही: जानेवारी २०२५ मध्ये गोरेवाड्याच्या बचाव केंद्रातल्या तीन वाघ आणि एका बिबट्याच्या मृत्यूमागे बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू असल्याचं निदान झालं. १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या फोन क्रमांकावर किंवा दवाखान्यात कळवा, लेकरांना दूर ठेवा, पक्षी विकू देऊ नका.

आणि निदान होईपर्यंत उरलेल्यांना अँटिबायोटिक पाजू नका. त्याने तपासणीत जंतू सापडायचे राहतात. जिवंत पिल्लं कोरड्या तुसावर वेगळी ठेवा आणि रोज सकाळी विष्ठा पाहा. एकाचीही विष्ठा लालसर दिसली तर ती ताजी असतानाच स्वच्छ डबीत भरून न्या.