गच्चीवर सोलर: लाइन ठेवायची की तोडायची?

सोलर बसवायचं ठरलं की लगेच पुढचा विचार येतो, मग मीटर काढूनच टाकू. काढायच्या आधी तो मीटर आठवडाभर वाचा. रोज ऊन पॅनेलवर येण्याच्या वेळेला एकदा आणि सूर्य मावळताना एकदा रीडिंग लिहून ठेवा. त्यातून दिवसाचा वापर आणि रात्रीचा वापर असे दोन आकडे मिळतात. बिलातल्या महिन्याच्या एकूण युनिटवरून हे कळत नाही, आणि बॅटरी किती लागेल ते तर रात्रीच्या आकड्यावरच ठरतं.

उदाहरणाला रोजचे ६ युनिट घेऊ, त्यातले ३.५ रात्रीचे. यात इन्व्हर्टरची स्वतःची भूक मिळवा. मोठा हायब्रिड (लाइन आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा) किंवा ऑफ-ग्रिड (लाइनशिवाय चालणारा) इन्व्हर्टर नुसता चालू राहायला ५०-६० वॅट घेतो, म्हणजे चोवीस तासांत जवळपास दीड युनिट. हिशोबात हमखास राहून जाणारा आकडा हाच. तर एकूण ७.५ युनिट.

आता पॅनेल. चांगल्या महिन्यात दिवसाला ५ तास पूर्ण उन्हाइतकी ऊर्जा मिळते असं धरू. धूळ, उष्णता, वायर आणि इन्व्हर्टर यांत साधारण पाव भाग जातो. ७.५ भागिले (५ × ०.७५), म्हणजे २ किलोवॅट पॅनेल पुरे. ढगाळ महिन्यात तेच तास २ वर आले तर ७.५ भागिले (२ × ०.७५), म्हणजे ५ किलोवॅट लागतात. घर तेच, वापर तोच, आणि छत अडीचपट.

बॅटरीचं गणित याहून कडक आहे. फक्त एक रात्र काढायची तर ५१.२ व्होल्ट, १०० एएचची (अँपिअर-तास) एक लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, म्हणजे ५ युनिट, जेमतेम पुरते. लाइन तोडून सलग तीन अंधारे दिवस काढायचे तर २२.५ युनिट हातात हवेत. लिथियम ९० टक्क्यांपर्यंत वापरायची आणि रूपांतरात १० टक्के गेले, असं धरलं तर २८ युनिटची बॅटरी होते. लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणून तिथे ५० युनिट, म्हणजे १२ व्होल्ट १५० एएचच्या २८ बॅटऱ्या. चार-चारच्या सात रांगा समांतर जोडल्या की त्यांच्यात करंट सारखा वाटला जात नाही आणि एक रांग दुसरीला खाते, ते वेगळंच.

म्हणजे वर्षातल्या मोजक्या वाईट दिवसांसाठी पॅनेल अडीचपट आणि बॅटरी पाच-सहापट. उरलेलं वर्षभर दुपारी बाराच्या आतच बॅटरी भरते आणि पुढचं ऊन वाया जातं, कारण ते घालायला जागाच नसते. म्हणून दारापर्यंत लाइन आलेली असेल तर ती तोडू नये, हे आमचं स्पष्ट मत. लाइन आलेलीच नसेल किंवा लांबून ओढून आणावी लागणार असेल, तरच ऑफ-ग्रिड. तिथेही बॅटरी दीड दिवसाची ठेवा आणि चेंजओव्हर स्विचवर (एका वेळी एकच पुरवठा जोडणाऱ्या स्विचवर) एक जनरेटर जोडा. तीन दिवसांच्या बॅटरीपेक्षा ते शहाणपणाचं. लेड-ॲसिड अर्धवट भरलेली दिवसेंदिवस पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि बॅटरी कायमची कमी होते. ढगाळ दिवसांत ती जनरेटरवर पूर्ण भरून घेता येते.

लाइन ठेवायची म्हटलं की बहुतेक जण साधा, बॅटरी नसलेला ऑन-ग्रिड इन्व्हर्टर घेतात. वीज गेली की भर उन्हातही तो बंद पडतो. त्यात बिघाड काही नाही. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या छतावरून शॉक बसू नये म्हणून लाइन गेल्याचं कळताच त्याने थांबायचं असतं. शिवाय त्याला व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सीचा ताल लाइनकडून मिळतो, स्वतःचा ताल तो धरू शकत नाही. वीज सहसा जात नसेल तर हाच घ्या, सर्वांत कमी कटकटीचा आहे. जात असेल तर हायब्रिड आणि एका रात्रीची बॅटरी.

हायब्रिडला दोन आउटपुट असतात, एक लाइनला जाणारं आणि एक बॅकअपचं. बॅकअपवर अख्खं घर टाकू नका. वेगळा छोटा डीबी (वीज वाटणारा बोर्ड) बसवा आणि त्यावर दिवे, पंखे, फ्रिज, राउटर एवढंच घ्या. गीझर, एसी आणि पाण्याची मोटर बाहेर. १ एचपीची मोटर चालताना साधारण १ किलोवॅट घेत असली तरी सुरू होताना क्षणभर पाच-सहापट करंट ओढते आणि सगळा बॅकअप ट्रिप होतो. बॅकअपच्या सर्किटांची न्यूट्रलही वेगळी काढावी लागते. फेज नव्या डीबीत आणि न्यूट्रल जुन्या पट्टीवर ठेवली की आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) कारण नसताना पडत राहते.

न्यूट्रलचीच आणखी एक गोष्ट, जी बहुतेक वायरमन विसरतात. लाइन गेल्यावर इन्व्हर्टर एकटा चालतो तेव्हा त्याच्या न्यूट्रलचा अर्थशी संबंध सुटू शकतो. मग गळती झाली तरी करंटला परतीचा रस्ता नाही आणि आरसीसीबी पडणार नाही. बॅकअपमध्ये जाताना न्यूट्रल-अर्थ जोडणारा रिले इन्व्हर्टरमध्ये आहे का, आणि सेटिंगमध्ये तो चालू केलाय का, हे विचारून घ्या. लाइन परत आल्यावर तो जोड सुटलाही पाहिजे.

दुपारी ऐन उन्हात इन्व्हर्टर "व्होल्टेज जास्त" दाखवून बंद पडत असेल तर दोष बहुधा केबलचा. वीज बाहेर ढकलायची तर इन्व्हर्टरला लाइनपेक्षा वरचं व्होल्टेज ठेवावं लागतं. २३० व्होल्टला ५ किलोवॅट म्हणजे २२ अँपिअर. मीटर ३० मीटर लांब आणि तांब्याची केबल ४ स्क्वेअर एमएम, तर जाऊन-येऊन ६० मीटरमध्ये ६ व्होल्ट चढतात. लाइनच मुळात २४८ वर असेल तर इन्व्हर्टरपाशी २५४ होतात. तीच केबल १० स्क्वेअर एमएम घेतली तर चढ अडीच व्होल्टच्या आत राहतो. इन्व्हर्टरची मर्यादा सेटिंगमधून वाढवून देणारे भेटतील. आधी केबल बदला.

वीज बाहेर द्यायची परवानगी नसेल तर मेन इनकमरवर (घरात लाइन येते त्या मुख्य वायरवर) सीटी (करंट मोजणारं कडं) लावून एक्स्पोर्ट शून्य करता येतो. सीटीवरचा बाण उलटा बसला की इन्व्हर्टर आयातीला निर्यात समजतो आणि गोंधळ सुरू होतो. रात्री इस्त्री लावा. स्क्रीनवर आयात वाढलेली दिसली तर बाण बरोबर आहे. बॅटरी चालू असेल तर या चाचणीपुरती तिचा डिस्चार्ज बंद ठेवा, नाहीतर तीच इस्त्रीचा भार उचलेल.

डीसी बाजूला, म्हणजे पॅनेल आणि बॅटरीकडे, घाई नको. एसीत करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझते. डीसीत ती जळतच राहते. म्हणून डीसीला एसीची एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) लावायची नाही, आणि चालू करंटमध्ये एमसी४ कनेक्टर (पॅनेलच्या वायरी जोडणारा) ओढायचा नाही. आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलकडची वीज तोडणारा स्विच), मग कनेक्टर. दोन वेगळ्या कंपन्यांचे नर-मादी कनेक्टर एकमेकांत बसतात खरे, पण आतला स्पर्श ढिला राहून तापतात आणि वितळतात. बॅटरीचा फ्यूज टर्मिनलच्या अगदी जवळ हवा. फ्यूजच्या अलीकडची केबल कुठे घासली तर तिला संरक्षण नाही.

स्ट्रिंगमध्ये (एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलच्या माळेत) किती पॅनेल घ्यायची ते थंडीतल्या पहाटेवर ठरतं, कारण गारव्यात पॅनेलचं व्होल्टेज वाढतं. २५ अंशांना ५० व्होल्ट देणारी ११ पॅनेल म्हणजे ५५० व्होल्ट, आणि इन्व्हर्टरची कमाल मर्यादाही ५५०. कागदावर बसलं. अंशाला ०.२७ टक्के वाढ धरली तर ५ अंशांच्या सकाळी हेच ५८० होतात आणि इन्व्हर्टर जातो. अशा ठिकाणी १० च घ्यायची. टाकीची किंवा जिन्याच्या खोलीची सावली कोणत्या पॅनेलवर येते तेही सकाळी नऊ आणि दुपारी तीनला छतावर उभं राहून बघा.

काम झाल्यावर सही करण्याआधी दोनदा मेन स्विच पाडा. एकदा भर दुपारी, बॅटरी पूर्ण भरलेली असताना: बॅकअप चालू राहून पॅनेलचं उत्पादन भारापुरतं खाली आलं पाहिजे. दुसऱ्यांदा रात्री, फ्रिज चालू असताना. दिवे लुकलुकले तर चालेल, फ्रिज बंद पडून परत सुरू झाला तरी चालेल. बॅकअपचा डीबी अंधारात गेला तर मात्र वायरमनला जाऊ देऊ नका.