जुन्या पीसीत नवं ग्राफिक्स कार्ड टाकताय? या चुका टाळा

"कार्ड कोणतं घेऊ?" असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, कोणता आहे? "४५० वॉटचा" असं उत्तर आलं तरी समाधान होत नाही. कॅबिनेटचं झाकण उघडून त्यावरच्या लेबलचा फोटो मागतो.

लेबलवर +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते पाहा. माझ्या जुन्या मशीनवर ठळक अक्षरांत ४५० होतं आणि त्या रकान्यात १८. बारा गुणिले अठरा म्हणजे २१६ वॉट. कार्ड आणि प्रोसेसर दोघांनी मिळून एवढ्यातच भागवायचं! डेस्कटॉप व्यवस्थित दिसायचा, पण गेम सुरू केला की पाच मिनिटांत फट्कन सगळं बंद. मी दोन दिवस ड्रायव्हर काढ-घाल करत बसलो. निळा स्क्रीन न येता, लोड पडल्यावर मशीन असं अचानक बंद होत असेल तर आधी एसएमपीएसवर संशय घ्या.

मदरबोर्डवरच्या ज्या खाचेत कार्ड बसतं त्या स्लॉटमधून कार्डला ७५ वॉट मिळतात, एसएमपीएसच्या ६ पिन वायरीतून आणखी ७५, ८ पिनमधून १५०. मोलेक्सला (एसएमपीएसच्या जुन्या ४ पिनांच्या जोडणीला) जोडून ८ पिन करून देणारा कन्व्हर्टर दुकानात सहज मिळतो. घेऊ नका, त्या बारीक वायरी तापतात. एसएमपीएस बदलायचाच नसेल तर आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मॉडेल बघा. ते ७० वॉटचं आहे, वेगळी वायर लागत नाही. ८ जीबीचं मात्र १३० वॉटचं, नाव एकच असल्यामुळे फसायला होतं.

स्लॉटकडे तर कुणी बघतच नाही. इंटेलचा आय५-४४६० प्रोसेसर आणि एच८१ मदरबोर्ड ही जोडी अजून बऱ्याच घरांत आहे. एच८१ वरचा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस २.० चा, म्हणजे जुन्या पिढीचा. त्यात आरएक्स ६५०० एक्सटी लावलं तर पंचाईत, कारण ते कार्ड डेटा ये-जा करायच्या १६ वाटांऐवजी (लेन) ४ च वापरतं. २.० वर त्या ४ लेनमधून सेकंदाला जेमतेम २ जीबी डेटा जातो. कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की उरलेला माल याच बोळातून ये-जा करतो आणि गेम अडखळतो. इंटेलची आर्क कार्डंही इथे नकोत. त्यांना रिसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, लागते आणि एवढ्या जुन्या बोर्डाच्या बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) ती सहसा नसते.

बरं, कार्ड चांगलं असूनही एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढले नाहीत तर? गेमचं रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. तरी आकडा जागचा हलला नाही तर अडचण बहुधा प्रोसेसरची आहे. ४४६० ला ४ कोअर आणि ४ च थ्रेड, नव्या गेममध्ये त्याची दमछाक होते. अशा वेळी आणखी महागडं कार्ड घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

डिस्प्लेच येत नसेल तर केबल मदरबोर्डला नाही ना, कार्डलाच लावली आहे ना, हे आधी तपासा. हसू नका, मीही केलंय. मॉनिटर फक्त व्हीजीएचा असेल तर नव्या कार्डावर ते पोर्ट नसतं, चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. तरीही काळोख असेल तर बायोस अपडेट आहे का बघा.

आणि जुनं कार्ड काढताना स्लॉटच्या टोकाची खिट्टी आधी दाबा. कूलरखाली बोट पोचत नाही, तिथे लाकडी पट्टी वापरा. स्क्रू-ड्रायव्हर घसरला तर बोर्डावर ओरखडा पडतो, आणि खिट्टी न दाबता जोर लावून कार्ड ओढणाऱ्यांनी मोडलेल्या खिट्ट्या मी बऱ्याच पाहिल्यात.