टर्पिनॉइडांचा मार्ग ओळखताना या चुका टाळा

ओल्या हळदीची कांडी कापली की बोटे पिवळी होतात आणि उग्र वास दरवळतो. रंग आणि वास एकाच रासायनिक कुळातले असणार, हा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. वास मुख्यतः टर्मेरोनांचा, म्हणजे १५ कार्बन असलेल्या टर्पिनॉइडांचा (पाच कार्बनी घटक जोडून बनणाऱ्या संयुगांचा) असतो, तर रंग देणाऱ्या कर्क्युमिनची बांधणी फिनाइलअ‍ॅलनिन या अमिनो आम्लापासून सुरू होते. लवंगेतले सुगंधी युजेनॉलही टर्पिनॉइड नव्हे. उलट गाजराचा केशरी रंग आणि रबर ही दोन्ही टर्पिनॉइडेच आहेत, म्हणून वासावर विसंबू नये.

सर्वांत महागात पडणारी चूक मार्गाबाबतची आहे. वनस्पती हे पाच कार्बनी घटक दोन मार्गांनी, म्हणजे रासायनिक पायऱ्यांच्या दोन वेगळ्या साखळ्यांनी, बनवतात. पेशीद्रवातला मेव्हॅलोनेट मार्ग अ‍ॅसिटिल-कोएन्झाइम-एपासून सुरू होतो, तर लवकातला (हरितलवकासारख्या पेशीतल्या कप्प्यातला) एमईपी, म्हणजे मिथाइलएरिथ्रिटॉल फॉस्फेट मार्ग पायरुव्हेट आणि ग्लिसराल्डिहाइड-३-फॉस्फेटपासून. रोमर, अरिगोनी आणि लिक्टेनथेलर या शास्त्रज्ञांच्या कामामुळे १९९०च्या दशकात हा दुसरा मार्ग प्रस्थापित झाला. त्यावरून १० व २० कार्बनांची संयुगे लवकात आणि १५ व ३० कार्बनांची पेशीद्रवात तयार होतात, असा नियम पाठ केला जातो. नियम उपयोगी आहे, पण तो पुरावा नव्हे. गुलाबात जिरॅनिऑल हे १० कार्बनांचे सुगंधी संयुग घडवणारे विकर (एन्झाइम) पेशीद्रवात असते, हे २०१५ मध्ये दाखवले गेले. स्नॅपड्रॅगनच्या फुलात तर १५ कार्बनांच्या सुगंधी संयुगांनाही कच्चा माल लवकातून मिळतो. केवळ कार्बन मोजून मार्ग ठरवू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रयोगात मेव्हिनोलिन हे औषध देऊन मेव्हॅलोनेट मार्ग किंवा फॉस्मिडोमायसिन देऊन एमईपी मार्ग अडवला आणि तरीही संयुग बनत राहिले, तर लगेच दुसऱ्या मार्गाचे नाव घेण्याची घाई होते. औषध पेशीत पुरेसे पोहोचले का, आधीचा साठा शिल्लक होता का आणि लवकाच्या आवरणातून पाच कार्बनी घटकांची देवाणघेवाण झाली का, हे आधी तपासावे. शंका उरली तर पहिल्या स्थानी कार्बन-१३ (खूण म्हणून वापरला जाणारा जड कार्बन) असलेले ग्लुकोज द्यावे: मेव्हॅलोनेट मार्गाने बनलेल्या आयसोपेंटिनिल डायफॉस्फेट या पाच कार्बनी घटकामध्ये खूण २, ४ आणि ५ या कार्बनांवर उमटते, एमईपी मार्गाने १ आणि ५ वर. दोन्ही नमुने मिसळलेले दिसले, तर तो प्रयोगाचा दोष समजून आकडे टाकून देऊ नयेत. दोन्ही मार्गांचा वाटा असल्याची ती खूण असू शकते.